पुढचा हात

रत्नागिरी,
आषाढ वद्य पंचमी

चि. दादू यास,


काल संध्याकाळी सुखरूप पोहोचले. घाटात पाऊस होता, बाकी काही त्रास झाला नाही. घरात शिरल्यापासून तुझ्या छकुलीची फार आठवण येते आहे. ओट्याखालच्या ट्रॉलीचं हँडल धरून ती कशी उभी राहते आणि आपलं आपल्यालाच नवल वाटून हसते, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. खरं सांगायचं तर त्या हँडलमुळेच हे पत्र लिहिते आहे.

तुमच्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी मी लाटणं शोधायला तीच ट्रॉली ओढली. आत सोलाणं, किसणी, कात्री, गॅसचा लायटर, वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणि या सगळ्याखाली तीन सुऱ्या होत्या. एकीची मूठ माझ्याकडे, दुसरीचं टोक माझ्याकडे. बोटाला पातं लागलं, कापलं नाही इतकंच. तेव्हा बोलले नाही. नव्या घराचं सूनबाईंना केवढं कौतुक, आणि मी आठ दिवसांची पाहुणी. पण गप्प बसून तुमचं भलं होणार नाही, म्हणून आता लिहिते.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा लहान होतास. गणपतीत आपल्याकडे चाळीस-पन्नास पानं उठायची. एका वर्षी भोपळा चिरून झाल्यावर मी मोठी सुरी पातेल्यांबरोबर साबणाच्या पाण्याच्या घमेल्यात टाकून दिली. घाई होती, बाहेर आरती सुरू झाली होती. भांडी घासायला ज्या काकू यायच्या, त्यांनी फेसात हात घातला. तळहाताशी, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी खोल कापलं. बोट वळवणारी कंडरा तुटली होती. ऑपरेशन झालं, कित्येक आठवडे हाताला पट्टी होती. तरी ते बोट पुढे कधी पुरतं मिटलं नाही. खर्च आपण केला, पण त्यांची पाच घरांची कामं गेली ती गेली. त्यांची काडीची चूक नव्हती. फेसाखाली सुरी आहे हे ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि मी आरतीला गेले होते.

त्या दिवसापासून सुरी खाली ठेवताना मी एकच विचार करते. हिला आता पुढचा हात कोणाचा लागेल, आणि त्याला काय माहीत असेल? तुझ्या घरात पुढचा हात छकुलीचा असेल, नाहीतर तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. दोघींनाही ट्रॉलीत काय दडलंय ते दिसत नाही.

आपल्या आजीकडे याचे नियम होते, फक्त ती कारणं सांगत नसे. सुरी हातातून हातात द्यायची नाही, पाटावर ठेवायची आणि समोरच्याने उचलायची. कारण विचारलं तर म्हणायची, भांडण होतं. विळीवरून मिनिटभर उठायचं असलं तरी आधी पातं पाडायचं, मग उठायचं. विळीची जागा मोरीच्या भिंतीलगत, पातं मिटलेलं आणि तोंड भिंतीकडे. खवणीच्या दात्यांवर करवंटी उपडी घातलेली असे. अंधारात पाय लागला तरी लाकडालाच लागायचा. लहानपणी मला तो सोवळ्याओवळ्याचाच एक प्रकार वाटायचा. आता वाटतं, एकत्र कुटुंबात पंधरा जणांचे हात वावरणाऱ्या स्वयंपाकघरात यापेक्षा सोपी भाषा तिला सापडली नसती. खंडेनवमीला ती विळी धुऊन-पुसून पूजेत मांडायची, तेव्हाही पातं मिटलेलंच असे.

आता तुमच्या घराचं बोलू. सगळ्यात आधी ट्रॉली रिकामी कर. तीन सुऱ्यांतली एक तर कापतच नाही. घरात काय लागतं? वीतभर पात्याची एक मोठी सुरी, फळं सोलायला बोटभर पात्याची एक लहान, आणि पाव कापत असाल तर करवती दात्यांची एक. मटण-मासे घरी साफ करत नाही, मग सुरा कशाला हवा? लग्नात आलेला बारा सुऱ्यांचा संच माळ्यावर आहे म्हणालास, तो तिथेच राहू दे किंवा वाटून टाक. सुऱ्या जितक्या जास्त, तितक्या त्या भलत्या ठिकाणी सापडतात.

राहिलेल्या सुऱ्यांसाठी चुंबकाची पट्टी घे, दीड फुटाची पुरेल. लाकडात चुंबक बसवलेली मिळाली तर उत्तम, पातं लोखंडावर आपटत नाही. ती स्क्रूने भिंतीत पक्की बसव. नुसत्या चिकटपट्टीवर टांगलेली नको, वाफेने आणि तेलकटपणाने ती एक दिवस सुऱ्यांसकट खाली येईल. गॅसच्या वर नको, नळाच्या वर तर मुळीच नको. खिडकीच्या उजव्या हाताला जी मोकळी फरशी आहे, तिथे ओट्यापासून दीड-दोन फूट वर. छकुलीचा हात तिथवर जायला काही वर्षं आहेत. पण दोनेक वर्षांत ती स्टूल ओढत आणेल, त्याआधी ते स्टूल स्वयंपाकघरातून हलव.

पट्टीला सुरी लावताना आधी पाठ टेकवायची आणि मग पातं अलगद आडवं करायचं. काढताना उलट. धार आधी सुटली पाहिजे, पाठ शेवटी. चुंबक पात्याला खेचून घेतो, त्यामुळे धार आधी टेकली तर दर वेळी थोडी मोडते. एक गंमत करून बघ, तुमचे स्टीलचे चमचे या पट्टीला बहुधा चिकटणार नाहीत, सुरी मात्र घट्ट बसेल. चमच्याच्या पोलादात निकेल घातलेलं असतं, त्याने चुंबकाचा गुण जातो. सुरीचं पोलाद कडक व्हावं लागतं, म्हणून ते वेगळ्या घडणीचं असतं.

सूनबाईंना सुऱ्या ठेवायचा लाकडी ठोकळा आवडला आहे, हे मला कळलं. दिसायला तो सुरेख असतो, पण माझा अनुभव चांगला नाही. त्याच्या खाचा आतून पुसता येत नाहीत. इथल्या पावसात माझ्या ठोकळ्यात बुरशी धरली आणि वास यायला लागला तेव्हा कुठे मला कळलं. तुमच्या पुण्याला हवा कोरडी आहे, तरी घ्यायचाच असेल तर आडव्या खाचांचा घ्या. उभ्या खाचेत सुरी धारेवर उभी राहते आणि घालताना-काढताना लाकडावर घासते. आणि ओली सुरी त्यात कधी घालायची नाही.

ट्रॉलीतच ठेवायचं ठरलं, तर प्रत्येक सुरीला म्यान हवं. विकतची प्लास्टिकची मिळतात. मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची करते. पात्यापेक्षा बोटभर लांब पट्टी घेऊन पात्याभोवती सैलसर दोन वेढे द्यायचे, टोकाकडची बाजू दुमडून बंद करायची, वरून चिकटपट्टी. पुठ्ठा मळला की नवा. चामड्याचं म्यान मात्र नको. चामड्यात ओल राहते, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पात्याला डाग पाडतात. ट्रॉलीला मुलांचं कुलूप बसवायचं ते वेगळंच.

तू म्हणशील, आत्या, सुऱ्या स्टेनलेस आहेत, ओल लागली म्हणून काय होतंय? होतं, बाळा. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली हे पोलाद ओतलं ते बंदुकीच्या नळ्या झिजतात त्यावर उपाय शोधताना. त्यात जवळजवळ तेरा टक्के क्रोमियम होतं. सुऱ्यांना ते उपयोगी पडेल हे त्याने ओळखलं. क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतं, आणि तोच थर गंज अडवतो. मिठाने तो जागोजागी फुटतो. कैरी, लिंबू, चिंच यांचा आंबटपणा पात्यावर तसाच वाळला तरी डाग पडतात. म्हणून खारवलेलं किंवा आंबट काही कापलं की सुरी लगेच धुवायची, पुसायची, जागेवर लावायची. भांड्यांच्या ढिगात नाही, सिंकमध्ये नाही, डिशवॉशरमध्येही नाही. तिथे भांड्यांवर आपटून धार जाते. निथळायला ठेवायची वेळच येऊ देऊ नकोस. फडकं धारेवरून फिरवायचं नाही, पाठीकडून धारेकडे पुसायचं.

ट्रॉलीतल्या एकीची धार का गेली तेही लक्षात घे. धारेचं टोक फार बारीक असतं. किसणीवर, कात्रीवर घासलं की ते वळतं आणि तुटतं. मग टोमॅटो कापायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरीच सालावरून सटकून बोटावर येते. तुमची ती काचेची कापायची फळीही काढून टाक. लाकडाची किंवा प्लास्टिकची वापर. काचेवर आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर कोणतीच धार टिकत नाही.

आजीची विळी तू हौसेने नेलीस, याचा मला आनंद आहे. नारळ खवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पातं लोखंडी आहे. वापरून झाली की पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरव, पावसाळ्यात तर न चुकता. छकुली रांगते आहे तोवर ती जमिनीवर ठेवायची नाही, मोरीच्या भिंतीलगतही नाही. आजीच्या नियमात एवढा बदल आजीनेही केला असता. पातं पाडून, सुती दोरीने पाटाशी बांधून, वरच्या कपाटात. दाते झाकायला करवंटी पाठवते आहे, घासून गुळगुळीत केलेली.

मावशींना एकदा पट्टी दाखव आणि सांग, सुरी आम्हीच धुतो, तुमच्या भांड्यांत कधी येणार नाही. आणि ते खरं कर, पाहुणे आले असतील त्या दिवशीही.

ती बोथट, मूठ सैल झालेली सुरी टाकायची असेल तर कचऱ्याच्या पिशवीत नुसती सोडू नकोस. ती पिशवी कोणीतरी हाताने उचलतं, हाताने निवडतं. जाड पुठ्ठ्यात गुंडाळ, चिकटपट्टी लाव, वर मोठ्या अक्षरांत ‘सुरी’ लिही. पण वाचता न येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून भंगारवाला आला की त्याच्यासमोर उघडून दाखव आणि त्याच्या हाती दे. हातात म्हणजे पायरीवर ठेव, तो उचलेल.

रविवारी पट्टी बसवशील तेव्हा भिंतीला भोक पाडण्याआधी फोन कर. मापाचा टेप हाताशी ठेव. आणि सूनबाईंना ओट्यासमोर उभं करून त्यांचा हात सहज कुठवर जातो ते आधी बघ.

तुझी,
आत्या