क्रेन किती टन उचलते?

मराठी विभागात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मागच्या सेमिस्टरला हॉस्टेलमागे नवा जनरेटर उतरवायला ट्रकवर बसवलेली क्रेन आली. आम्ही "हायड्रा आली" म्हणून खाली धावलो. ऑपरेटर काका हसले. "ही हायड्रा नाय पोरांनो. हायड्रा माल घेऊन चालते. ही जॅकवर उभी राहते आणि गोल फिरते."

आतलं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे, पास्कलचा नियम. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. सिलिंडरचा व्यास २० सेंमी असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी. दर चौ. सेंमीला २०० किलो दाब धरला, तर जोर होतो जवळजवळ ६३ टन! एवढा कशाला? कारण हा सिलिंडर बूमच्या बिजागरीजवळ ढकलतो आणि माल असतो लांब टोकाला. बूमचे भाग एकातून एक सरकून लांबी वाढते, विंचवरचा वायररोप हूक वरखाली करतो. पुलाचे गर्डर, विजेचे खांब, पाण्याच्या टाक्या, दरीत गेलेल्या गाड्या, सगळीकडे हीच लागते, कारण ती स्वतःच रस्त्याने येते.

क्रेनवर "१४ टन" लिहिलेलं. जनरेटर दोन टनांचा. मी शहाणपणा केला, "काका, मग एवढं मोजमाप कशाला?"

"१४ टन कुठं उचलते ते विचार," काका म्हणाले.

ते १४ टन ३ मीटरवर. म्हणजे ४२ टन-मीटर. आमचा जनरेटर ठेवायचा होता १२ मीटरवर. ४२ भागिले १२, साडेतीनच टन! त्यात बूमचं स्वतःचं वजनही क्रेनला पुढे ओढतं, म्हणून केबिनमधल्या लोड चार्टवर आकडा त्याहून कमी होता. मेकॅनिक्सच्या पेपरात मोमेंटचे पूर्ण मार्क घेतलेला मी गप्प बसलो.

खरी गोष्ट पुढेच आहे. काकांनी जनरेटर फक्त वीतभर उचलला आणि थांबले. तेवढ्यात एका बाजूचा जॅक खचला. खाली झाकलेलं जुनं गटार होतं, आणि ते आमच्यापैकी कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं. काकांनी माल लगेच खाली टेकवला. त्याच बाजूला आम्ही वीसेक जण मोबाइल घेऊन उभे होतो.

मग क्रेन सरकवली, जॅकखाली लाकडी स्लीपर रचले. हिशोब करून बघा: एका जॅकवर १२ टन आले आणि त्याची थाळी ४० बाय ४० सेंमी असली, तर जमिनीवर दर चौ. सेंमीला साडेसात किलो. खाली मीटरभर चौरस स्लीपर घातले की सव्वा किलोच्या आसपास.

उद्या आपल्यापैकी बरेच जण साइटवर सुपरवायझर होतील. क्रेन किती टनांची हे सगळेच विचारतात. आपण तीन प्रश्न जास्त विचारू: किती लांबवर, जॅकखाली काय आहे, आणि माणसं कुठे उभी आहेत?