आधी लिऑन वाच

वालीव, वसई (पूर्व)

चि. सायली,



सरांनी एफपीजीए बोर्डावर स्पार्क व्ही८ प्रोसेसर चढवून त्यावर लिनक्स चालवायचं काम दिलंय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. विरार लोकलच्या गर्दीत उभी असताना फोनवर हे सांगून तुला कळलं नसतं, म्हणून लिहितोय.

मैत्रिणींना आर्म नाहीतर रिस्क-फाइव्ह मिळालं आणि आपल्या वाट्याला सन कंपनीच्या जमान्यातलं म्हातारं आलं, असा तुझा सूर होता. तो आधी सोड. आपल्या शेजारी पवईला, आयआयटी मुंबईत, प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर घडवला, तो याच स्पार्क व्ही८ घराण्यातला. २०१९ साली त्याची बातमी झाली. चिप मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर बनली. मोबाइलच्या चिपपुढे हे जाडंभरडं काम, पण आपल्या ‘नाविक’ दिशादर्शन यंत्रणेच्या रिसीव्हरसाठी त्याचा विचार झाला तो उगाच नाही. युरोपच्या अवकाशयानांत बसणारा लिऑन हाही याच घरातला, आणि तुझी त्याच्याशीच गाठ घालून द्यायची आहे.

नव्या प्रोसेसरला कर्नलचा आधार द्यायचा म्हटलं की मुलं लगेच नवा कोड लिहायला बसतात. तू बसू नकोस. ३२-बिट स्पार्कचा कोड लिनक्समध्ये नव्वदच्या दशकापासून आहे, आणि लिऑनचा आधार २००९मध्ये त्यात आला. पहिले काही दिवस फक्त तो वाच. ट्रॅप टेबल, पेज टेबल, रजिस्टर विंडो भरल्या-रिकाम्या झाल्या की काय करायचं, हे सगळं तिथं तयार आहे. त्याला हात लावायचं कारण नाही. एक गोष्ट मात्र सरांना आजच विचार: आपल्या प्रोसेसरला विंडो किती? स्पार्कच्या नियमात २ ते ३२पर्यंत काहीही चालतं, पण लिनक्सचा हा कोड ७ किंवा ८ विंडो गृहीत धरतो. सरांनी जागा वाचवायला ४ ठेवल्या असतील, तर भांडण कर्नलशी नाही, सरांशी आहे.

तुझं खरं काम प्रोसेसरच्या बाहेर आहे: इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, सिरीयल पोर्ट आणि बस. लिऑनच्या बसवर कुठलं उपकरण कुठल्या पत्त्यावर आहे याची यादी हार्डवेअरमध्येच कोरलेली असते. तुमच्या बसवर ती नसणार. मग ती यादी डिव्हाइस ट्री म्हणून तुलाच लिहून द्यावी लागेल.

सिरीयल पोर्ट सगळ्यात आधी बोलता कर. स्क्रीनवर कचरा आला तर खूश हो. कर्नल जिवंत आहे, बॉड रेट तेवढा चुकलाय, बहुधा घड्याळाचा आकडा चुकीचा दिलाय. अगदीच शुकशुकाट असेल तर पत्ता तपास. ‘कॅलिब्रेटिंग डिले लूप’ एवढं छापून गाडी थांबली, तर टायमरचा इंटरप्ट पोचत नाही. दुसरीकडे शोधत बसू नकोस. आणि स्पार्क बिग-एंडियन आहे हे विसरलीस की रजिस्टरमधला १ तुला एक कोटी सदुसष्ट लाखांच्या घरात दिसेल. आमच्या गाळ्यावरची पोरं असल्या आकड्यांना हार्डवेअरचा दोष समजून बोर्ड परत पाठवायला निघतात.

बोर्ड बूट झाला की कॉलेजला पुरेल, मार्क मिळतील. मला तेवढ्यावर समाधान नाही. आम्ही पॅकिंग मशीनच्या कंट्रोलरसाठी एक चिप घेतली होती. कंपनीनं, नाव घेत नाही, कर्नल पेन ड्राइव्हवर दिला, त्यात हजारो ओळींचे बदल, मुख्य कर्नलात त्यातला एकही नाही. पुढं कंपनीनं ती चिपच बंद केली. आजही वालीवमधल्या कितीतरी यंत्रांत तोच जुना कर्नल आहे, आणि त्यातली सुरक्षेची भोकं बुजवणारं कोणी नाही. खिशात ठेवलेल्या कोडची अशीच गत होते. म्हणून तुझे बदल मुख्य कर्नलात पाठव.

मुख्य कर्नलात शिरलं म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. २०१८मध्ये ब्लॅकफिन, टाइल वगैरे आठ आर्किटेक्चर एका फटक्यात काढून टाकली, कारण वापरणारं-सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं. २०२३च्या शेवटी ३२-बिट स्पार्कमधली सनची जुनी यंत्रं काढायचा प्रस्ताव आला. त्यातही लिऑन ठेवायचा होता, कारण त्याच्या मागे माणसं उभी होती. आता तर स्पार्कचे मेंटेनर आंद्रेयास लार्सन हे लिऑन बनवणाऱ्या गायस्लरमधलेच आहेत. तुझा पॅच त्यांच्याच नजरेखालून जाईल.

म्हणून पॅच लहान ठेव. एका पॅचमध्ये एकच बदल. बदल का केला ते सोप्या इंग्रजीत चार ओळींत. ईमेल साधी, सजावट नको. टायमरचा वेगळा, इंटरप्टचा वेगळा. कोणी खोडून काढलं तर लगेच रडकुंडीला येऊ नकोस. तिथं भल्याभल्यांचं पहिलं काम परत येतं. दुरुस्त करून पुन्हा पाठव. आणि परीक्षा झाल्यावरही वर्षभर त्या कोडवर लक्ष ठेवीन असं कबूल करायची तयारी असेल तरच पाठव.

रविवारी गाळ्यावर ये, लॉजिक ॲनालायझर मोकळा ठेवतो. सिरीयल केबल मात्र तुझी आण. माझ्याकडची ५ व्होल्टची आहे, तुझा बोर्ड ३.३चा, जाळून बसशील.

तुझा,
मामा