तट नसलेला तुरुंग : पाप व कृपा ह्यांविषयीं पाठ

(शास्त्रभाग : रोमकरांस पत्र, अध्याय 5 व 6, फिलेमोनाला पत्र. उपदेशकांनीं हे भाग मंडळींत आधीं वाचून दाखवावे.)

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत आहे. आटपाडी औंध संस्थानांत असतां, 1939 सालीं, संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं पोलंडांतून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्यानें ती स्थापिली. ती कैद्यांची वस्ती होय. परंतु तिला तुरुंगाचा उंच तट नाहीं. कैद्यांनीं शेत कसावें, बायकामुलांसह राहावें व ठेविलेल्या विश्वासाला जागावें, असा तो प्रयोग. 1948 सालीं संस्थान विलीन झालें, तरी वसाहत मोडली नाहीं. आजहि ती सरकारच्या कारागृह खात्याकडे आहे. व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट ह्याच प्रयोगावरून निघाला, व त्याची कथा ह्याच माणदेशांतील ग. दि. माडगूळकर यांनीं लिहिली. ह्या वसाहतीच्या दाखल्यावरून आज पाप व कृपा ह्यांचा विचार करूं.

1. पाप म्हणजे काय? आमच्यांतील पुष्कळ जण पापाचा हिशेब सावकाराच्या वहीप्रमाणें करितात : एका बाजूस पाप, दुसऱ्या बाजूस पुण्य, आणि बाकी फिटली कीं झालें. शास्त्र असें शिकवीत नाहीं. नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत पापासाठीं जो मुख्य शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें असा आहे. चोरी, दारूबाजी, खोटी साक्ष हीं पापें आहेतच. परंतु ज्या अंतःकरणांतून तीं निघतात, तें अंतःकरणच देवाकडून फिरलेलें आहे. फांद्या छाटल्यानें बाभूळ मरत नाहीं. म्हणून ज्यानें तुरुंगाचें दार कधीं पाहिलें नाहीं, तोहि देवापुढें निर्दोष ठरत नाहीं.

2. कृपा म्हणजे काय? 1972 सालच्या दुष्काळांत आमच्या वडीलधाऱ्यांनीं दुष्काळी कामांवर खडी फोडली. जितकें काम, तितकी मजुरी. ती मागण्याचा त्यांस हक्क होता. पौल प्रेषित मरणाला पापाची मजुरी म्हणतो. परंतु सार्वकालिक जीवनाविषयीं तो मजुरीची भाषा बोलत नाहीं, दानाची बोलतो. खडी फोडून मजुरी मिळाली, पाऊस मिळाला नाहीं. पाऊस वरूनच यावा लागतो. कृपाहि तशीच होय.

3. दाखला कोठें अपुरा पडतो? बंद तुरुंगांत ज्यांची वागणूक चांगली दिसली, अशांसच खुल्या वसाहतींत पाठवितात. सरकारनें असें करणें योग्यच आहे. देवानें मात्र आमची वागणूक सुधारण्याची वाट पाहिली नाहीं. आम्ही पापी असतांनाच ख्रिस्त आम्हांकरितां मेला. देवानें पापाकडे डोळेझांक केली, असेंहि नव्हे. वधस्तंभावर त्याची पुरी किंमत भरली गेली. कृपा आम्हांस फुकट मिळते, पण ती स्वस्त नाहीं.

4. मग पाप करीत राहावें काय? हा प्रश्न पौल स्वतःच काढितो, आणि तसें कदापि न होवो असें उत्तर देतो. तट नसतां कैदी रात्रीं पळून कां जात नाहीं? ज्यानें आपल्यावर विश्वास टाकिला, त्याला तोंड कसें दाखवावें, हा विचार त्यास धरून ठेवितो. कृपाहि मनुष्याला अशीच आंतून बांधिते. जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें, तें येशू त्याच्या घरीं आल्यावर, आधीं नव्हे. तेव्हां ज्याला क्षमा मिळाली, त्यानें ज्याचें घेतलें त्याचें परत करावें. तें क्षमेचें मोल नव्हे, फळ होय.

5. आतां आमचा एक दोष सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालील एका मंडळींत एक बंधु शिक्षा भोगून परत आला. रविवारीं तो दाराशीं, वाहणा काढितात तेथें, बसला. त्या दिवशीं आमचा उपदेश कृपेविषयींच होता. उपासना संपल्यावर कोणीं त्याचा हात धरिला नाहीं. वडीलमंडळी काय म्हणेल ह्या भयानें आम्हीहि गीतांचीं पुस्तकें गोळा करीत राहिलों. तीन रविवार तो आला. चौथ्या रविवारीं आला नाहीं. दोन महिन्यांनीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो म्हणाला, "पाळकसाहेब, सरकारनें मला सोडलें; मंडळीनें अजून सोडलें नाहीं."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सरकारनें ज्यांच्याभोंवतीं तट घातला नाहीं, तशा मनुष्याभोंवतीं आम्हीं तो घातला होता. त्या दिवशीं क्षमा आम्हीं मागितली, आणि त्याच्या घरची भाकरी खाऊन परतलों. पुढच्या रविवारीं तो आला व पुन्हां दाराशींच बसला. तेव्हां मंडळींतील एक म्हातारे वडील उठले आणि त्याच्या शेजारीं जाऊन बसले. त्यांनीं उपदेश केला नाहीं. पण त्या दिवशींचा खरा उपदेश तोच होता.

फिलेमोनाचा दास अनेसिम धन्यापासून दूर गेला होता. त्याला परत पाठवितांना पौल धन्याला कळवितो कीं, ह्याला दासासारखें नव्हे, तर बंधूसारखें घ्यावें. आणि ह्याचें कांहीं देणें निघत असेल, तर तें आपल्या नांवें मांडावें. ख्रिस्तानें आमचें देणें असेंच आपल्या नांवें मांडून घेतलें. ज्यांचें देणें असें फिटलें, त्यांनीं दुसऱ्याची वही उघडून बसूं नये.

मंडळीला विचारावयाचे प्रश्न :

(1) पापाचा हिशेब पुण्यानें कां फिटत नाहीं?
(2) मजुरी व दान ह्यांत भेद काय?
(3) आपल्या मंडळींत आज दाराशीं कोण बसतें? येत्या रविवारीं त्याच्याजवळ कोण जाऊन बसेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तोंडानें न देतां कृतीनें द्यावें, अशी आमची विनंती आहे.