पाचवे शील आणि व्यायाम

वंदनेच्या वेळी आपण सर्वजण पंचशील ग्रहण करतो. त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीसुद्धा दारूपायी संसार उद्ध्वस्त होताना आपण पाहतो. दारू सोडण्याचा निश्चय करणारे बांधव पुष्कळ असतात. पण सोडल्यानंतरची संध्याकाळ कशी घालवावी, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. या लेखात आम्ही तेवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

व्यसन हा आजार आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आनंदाशी संबंधित असे डोपामाइन नावाचे रसायन मेंदूत असते. दारूने ते कृत्रिमरीत्या वाढते. सवय जडली की साध्या गोष्टींतील गोडी कमी होत जाते. त्यामुळे दारू सुटल्यावर झोप लागत नाही, चिडचिड होते, उदास वाटते. ही अवस्था कित्येक आठवडे टिकू शकते आणि याच काळात पाऊल पुन्हा गुत्त्याकडे वळते.

नियमित व्यायामाने उदासपणा कमी होतो व झोप सुधारते. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. थोडा वेळ झपझप चालल्याने सिगारेटची तलफ तेवढ्यापुरती कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. दारूच्या बाबतीत पुरावा इतका ठाम नाही. म्हणून व्यायाम हा उपचाराचा सोबती मानावा. औषधे, समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा यांची जागा तो घेऊ शकत नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या व्यसनमुक्ती केंद्राची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

एक इशारा महत्त्वाचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात. त्यातून जीवही जाऊ शकतो. अशा वेळी व्यायाम नको, दवाखाना गाठावा. पुढेही रक्तदाब, यकृत व हृदय यांची तपासणी करून, डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरुवात करावी.

त्यानंतर पुढीलप्रमाणे क्रम ठेवावा :

१. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. हळूहळू तीस मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून पाच दिवस असे चालल्यास जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटे पूर्ण होतात.

२. पूर्वी जी पिण्याची वेळ होती, तीच चालण्याची वेळ ठरवावी. पगाराच्या दिवशी तर अजिबात चुकवू नये.

३. वाट बदलावी. गुत्ता, बार, जुना कट्टा रस्त्यात येऊ देऊ नये.

४. एकट्याने जाऊ नये. सोबत कोणीतरी असावे.

५. उपाशीपोटी चालू नये. पाणी प्यावे.

६. मध्येच पाय घसरला, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालू लागावे आणि समुपदेशकाला मोकळेपणाने सांगावे.

चालण्याचे महत्त्व आपल्या धम्माला नवे नाही. ज्ञानप्राप्तीनंतर भगवान बुद्धांनी जेथे चंक्रमण केले असे मानले जाते, ते स्थान बुद्धगयेच्या महाबोधी विहाराशेजारी आजही दाखवले जाते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, परिश्रम करता येतात, आरोग्य राहते, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. व्यसनातून उठणाऱ्या माणसाला नेमके हेच पाहिजे असते.

आता थोडे आपल्या कर्तव्याविषयी. दारू सोडलेल्या माणसाला वस्तीत "बेवडा" म्हणून हिणवले जाते, आणि ते ऐकून त्याची मुले मान खाली घालतात. आमची तरुण विद्यार्थ्यांना विनंती आहे की, संध्याकाळी अशा बांधवाच्या दारात जाऊन "दादा, चला, एक फेरी मारून येऊ," एवढेच म्हणा. विहारातून निघून विहारात परतणारी अर्ध्या तासाची फेरी कोणत्याही शाखेला सुरू करता येईल. त्याला वर्गणी लागत नाही. शील ग्रहण करणे हे प्रत्येकाचे स्वतःचे काम आहे. ते पाळणाऱ्याला सोबत देणे हे संघाचे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!