साहाय्य मागावयास लाजू नका

उपासना संपते. मंडळीतील बंधुभगिनी बाहेर येऊन एकमेकांची विचारपूस करतात आणि बहुधा सर्वांचे उत्तर एकच असते : देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे. परंतु असे म्हणणाऱ्यांपैकी कोणाच्या कर्जाचे हप्ते थकलेले असतात, कोणाचा मुलगा व्यसनात अडकलेला असतो, तर कोणाला कित्येक रात्री झोप लागलेली नसते. हे सांगितले तर लोक काय म्हणतील, आपला विश्वास कमकुवत आहे असे तर समजणार नाहीत ना, या भीतीने तोंड उघडत नाही. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याने माणसापुढे हात का पसरावा, असाही विचार पुष्कळांच्या मनात घर करून असतो. पवित्र शास्त्र याविषयी काय शिकविते?

मोशेचे जड झालेले हात

रफीदीम येथे अमालेकाशी लढाई चालू असता मोशे टेकडीवर हात उंच करून उभा होता. त्याचे हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होई. ते खाली येत तेव्हा शत्रू प्रबळ होई. अखेर त्याचे हात जड झाले. तेव्हा त्याला बसावयास धोंडा देण्यात आला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले (निर्गम १७:८-१३). ज्या हातातील काठीने समुद्र दुभंगला होता, त्याच हाताला आता दुसऱ्याचा आधार लागला. मोशेने तो नाकारला नाही.

पुढे रानात लोकांच्या कुरकुरीने तो इतका खचला की, हे लोक मला एकट्याला सांभाळवत नाहीत, असे सांगून त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याची निर्भर्त्सना केली नाही. त्याने सत्तर वडील निवडावयास सांगितले, यासाठी की मोशेने तो भार एकट्याने वाहू नये (गणना ११:१४-१७). आपल्या सेवकाच्या निराशेला देवाने दिलेले हे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे : त्याने त्याला सोबती दिले.

प्रार्थना पुरेशी नाही काय?

येथे कोणी एज्राचे उदाहरण पुढे करील. देवाचा हात आपल्यावर आहे असे राजाला सांगून चुकल्यामुळे त्याला शिपाई व स्वार मागण्याची लाज वाटली. म्हणून लोकांनी उपास केला व देवाने त्यांना वाटेत सांभाळले (एज्रा ८:२१-२३). हे खरेच आहे. परंतु त्याच देवाचा सेवक नहेम्या याने राजासमोर उभे असतानाच मनात प्रार्थना केली आणि मग लगेच तोंडाने मागणी केली : प्रवासासाठी अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि वेशींसाठी लाकूड. राजाने ते दिले, त्याच्याबरोबर स्वारही पाठविले आणि नहेम्याने त्याचे श्रेय देवाच्या कृपाहस्ताला दिले (नहेम्या २:४-९). तेव्हा माणसाजवळ मागितल्याने प्रार्थना खोटी ठरत नाही. पुष्कळदा आपल्या प्रार्थनेचे उत्तर शेजारच्या बाकावर बसलेले असते. मात्र आपण बोलल्यावाचून त्याला ते कळत नाही.

पौलाने काय मागितले?

आसियात आपल्यावर असे संकट आले की जिवाचीही आशा उरली नाही, असे पौल करिंथकरांस मोकळेपणाने लिहितो आणि त्यांच्या प्रार्थनेचे साहाय्य हवे आहे हे दाखवितो (२ करिंथ. १:८-११). ही तीच मंडळी, जिच्यातील काही जण त्याला तुच्छ लेखत होते.

तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तर त्याच्या मागण्या अगदी नेमक्या आहेत. लवकर ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकेही आण आणि हिवाळ्यापूर्वी ये (२ तीम. ४:९-२१). ज्या मार्काला बरोबर नेण्यास त्याने पूर्वी नकार दिला होता, तोच आता त्याला हवा आहे. त्याच पत्रात तो म्हणतो की सर्वांनी सोडले तेव्हा प्रभूने त्याच्याजवळ उभे राहून त्याला सामर्थ्य दिले. प्रभूचे सामर्थ्य मिळालेल्या माणसालाही थंडीत झगा लागतो, आणि तो मागण्यात पौलाला कमीपणा वाटला नाही. शिवाय त्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेला लूक हा वैद्य होता. शरीराच्या अथवा मनाच्या आजारात डॉक्टरांकडे जाणे म्हणजे विश्वास सोडणे, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या भूमीतील एक साक्ष

पंडिता रमाबाईंच्या घराण्याची कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे विद्वान कुटुंब निराधार झाले. भीक मागणे अथवा अंगमेहनतीचे काम करणे त्यांच्या अभिमानाला मानवत नव्हते, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितले आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण ही काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली.

याच कुटुंबातील कन्या १८८६ साली अमेरिकेस गेली आणि भारतातील विधवांसाठी तेथील लोकांपुढे तिने उघडपणे साहाय्य मागितले. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षे मदत देण्याचे अभिवचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना त्यांनी आश्रय दिला. जिच्या आप्तांना मागणे जमले नाही, तिच्या मागण्याने कित्येकींचे प्राण वाचले.

भार आणि ओझे

मग प्रत्येकाने सर्व काही दुसऱ्यावर टाकावे काय? तसे नाही. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो (वचन २) आणि लगेच प्रत्येकाला स्वतःचा भार वाहावा लागेल असेही म्हणतो (वचन ५). मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिल्यात दडपून टाकणाऱ्या वजनाचा भाव आहे. दुसऱ्यात प्रत्येकाच्या वाट्याच्या जबाबदारीचा. आपले कर्तव्य आपण करावे; परंतु ज्याखाली कंबर मोडते ते एकट्याने उचलावे अशी देवाची अपेक्षा नाही.

म्हणून जो अडचणीत आहे त्याने विश्वासू व्यक्ती निवडावी आणि काय हवे ते पौलाप्रमाणे नेमके सांगावे. आजाऱ्याने वडिलांना बोलावून घ्यावे, असे याकोब सांगतो (याकोब ५:१४). म्हणजे पहिले पाऊल आजाऱ्यानेच टाकावयाचे आहे. जीव नकोसा झाला असेल तर एक दिवसही थांबू नये; घरच्यांना, पाळकांना व डॉक्टरांना तत्काळ सांगावे. ज्याच्याजवळ कोणी असे मन मोकळे करील, त्याने ऐकून घ्यावे, उपदेशाची घाई करू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि ती गोष्ट प्रार्थनेच्या विनंतीच्या निमित्तानेही विनाकारण चारचौघांत नेऊ नये. तोंड उघडणाऱ्याची एकदा चर्चा झाली की मंडळीतील दहा जण कायमचे मुके होतात.

प्रिय वाचकहो, आपला प्रभू थकून याकोबाच्या विहिरीपाशी बसला तेव्हा त्याने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. गेथशेमाने बागेत जीव व्याकूळ झाला असता त्याने पित्याची प्रार्थना केली, आणि तीन शिष्यांनी आपल्याबरोबर जागे राहावे असेही सांगितले. ते झोपी गेले, तरीही त्याने ते मागितले होते. देवाच्या पुत्राने जे मागावयास कमीपणा मानला नाही, ते मागावयास आपण का लाजावे?

मननासाठी प्रश्न

१. मी कोणते ओझे लपवून वाहत आहे, आणि ते कोणाला सांगू शकेन?
२. माझ्याजवळ दुःख सांगावयास कोणाला भीती तर वाटत नाही ना?
३. या आठवड्यात मी कोणाचे जड झालेले हात धरू शकेन?