गुळाच्या चहाचा हिशेब

"डॉक्टर, साखर कधीच सोडली. आता फक्त गूळ!" मुलुंडच्या दवाखान्यात हे वाक्य मी दिवसाआड ऐकतो. सांगणाऱ्याच्या हातात बहुतेकदा रक्तातली साखर वाढल्याचा रिपोर्ट असतो.

गुळात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. साखर कारखान्यात स्फटिक वेगळे काढतात, बाकीचं मळीबरोबर जातं. गुऱ्हाळात रस काहिलीत आटवतात. वर येणारा फेसाळ मळ काढला की उरलेलं सगळं ढेपेत उतरतं. म्हणून प्रयोगशाळेत गुळात लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम सापडतं; शिवाय फेरुलिक, कॅफेइक आम्लं आणि ट्रायसिन, ल्युटिओलिनसारखी फ्लॅव्होनॉइड्स. परीक्षानळीत ही द्रव्यं ऑक्सिडीकरण रोखतात. पण परीक्षानळीला मधुमेह नसतो.

जरा मापात बोलू. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम गुळात लोह साधारण पाव मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीसाठी आयसीएमआरची शिफारस रोज 29 मिलिग्रॅमची. त्यात स्टेशनबाहेरच्या टपरीवरचा 'गुळाचा चहा' घेतलात, तर चहातलं टॅनिन तेवढंही लोह नीट शोषू देत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर अळीव घ्या, पालेभाजीवर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने प्या. आणि मी दिलेली गोळी बंद करू नका. गुळाचा मोठा वाटा सुक्रोजचाच आहे, त्यामुळे मधुमेह्याने तो साखरेसारखाच मोजायचा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियममुळे आधी विचारून घ्यावं.

आता रंगाबद्दल. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात आपण मागतो तो पिवळाधमक गूळ. पूर्वी रस निवळायला भेंडीचा चिकट रस घालत, काही गुऱ्हाळांत अजूनही घालतात. तो उजळ पिवळा रंग मात्र अनेकदा हायड्रॉस नावाच्या विरंजक पावडरचा असतो. तिच्यातून गंधकाचा अंश गुळात राहतो, आणि दम्याच्या काही रुग्णांना तो बाधतो. घाटकोपर-अंधेरीच्या हवेत दमेकरी कमी आहेत का? म्हणून मी तांबूस-तपकिरी गूळ घ्यायला सांगतो. अगदी काळा म्हणजे सेंद्रिय, हेही खरं नाही. जास्त आटलेला किंवा जुना गूळही काळवंडतो.

संक्रांतीचा तिळगूळ खा, पुरणपोळीही खा. फक्त पुढच्या वेळी रिपोर्ट आणाल, तेव्हा दिवसाला गुळाचे किती चहा झाले तेही लिहून आणा.