आधी सांगू दे, मग लिहू दे

मिरज

चि. बाळास,


तू पाठवलेलं टाचण नीट वाचलं. सातवीला कथालेखन शिकवायचं, तेही तंत्रज्ञानाची मदत घेऊन, आणि पाठ बघायला केंद्रप्रमुख येणार. तू त्यात किती जीव ओतला आहेस ते ओळीओळीत दिसतं. कथेचे घटक सांगणाऱ्या पंधरा स्लाइड, मग एक चित्रफीत, मग टॅबवर प्रश्नमंजूषा आणि शेवटी 'दिलेल्या मुद्द्यांवरून कथा लिहा'. चाळीस मिनिटांच्या तासिकेत मुलांच्या वाट्याला लिहायला आठ मिनिटं उरतात. तू मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते : हा पाठ कथेविषयी माहिती देतो, कथा लिहायला शिकवत नाही. स्मार्ट टीव्ही आणि टॅब शाळेत आले आहेत, ते वापरायलाच हवेत. फक्त त्यांची जागा बदलावी लागेल.

आमच्या वर्गांत एक गोष्ट मी नोकरीभर पाहत आले. मधल्या सुट्टीत घडलेला प्रसंग रंगवून सांगणारं पोर वही उघडली की परकं होतं. असाच एक मुलगा होता. त्याने वहीत लिहिलं होतं : 'एका गावात एक मुलगा राहत होता. त्याच्याकडे एक शेळी होती. एके दिवशी ती विहिरीत पडली. आजोबांनी तिला बाहेर काढले. तात्पर्य : प्राण्यांवर दया करावी.' एकही चूक नाही आणि एकही जिवंत वाक्य नाही. मी वही मिटली आणि म्हटलं, मला सांग बघू काय झालं. फोनवर आवाज मुद्रित करायला लावला. तो म्हणाला, "सांजच्याला शेरडं मोजली तर येक कमी. समदी हुडकाया लागली. आज्जा म्हणला, गप ऱ्हावा, कुनी बोलू नगा. मग हिरीतनं बारीक आवाज आला. आज्जानं धोतर खोचलं. आजी म्हणली, या वयात उतरू नगा. आज्जा म्हणला, तिच्या पोटात पिलू हाय."

बाळ, यात काय नाही? वेळ आहे, शोध आहे, शांतता आहे, विरोध करणारी आजी आहे आणि म्हाताऱ्याला विहिरीत उतरवणारं कारण आहे. 'पात्र, प्रसंग, संघर्ष, उत्कर्षबिंदू' या स्लाइडवरचं सगळं त्या पोराच्या तोंडात होतं. ते तोंडातून वहीत येईपर्यंत मध्ये कुठेतरी गळून जात होतं. तुझ्या हातातल्या यंत्राने ही गळती थांबवायची आहे. त्याने मुलाचं बोलणं धरून ठेवावं आणि मुलाला परत ऐकवावं. साध्या फोनमधला ध्वनिमुद्रक हे या पाठाचं मुख्य साधन, बाकीची सगळी दुय्यम.

आपल्याकडे हे नवं नाही. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची रचना आठव. प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे, कारण श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. लिहिलेल्या पुस्तकाला सांगण्याचा सूर आहे, म्हणून ते आजही मोठ्याने वाचता येतं. मुलांना हा सूर आधीपासून येतो.

आता पाठाची आखणी. एका तासिकेत हे बसवू नकोस. आठवड्यातल्या चार तासिका घे आणि केंद्रप्रमुख ज्या दिवशी येतील त्या दिवशी जी पायरी असेल ती दाखव.

पहिली तासिका सांगण्याची. विषय मोठा देऊ नकोस. 'माझा अविस्मरणीय दिवस' म्हटलं की सगळी मुलं सहलीला जातात. 'घरात काहीतरी हरवलं तेव्हा' किंवा 'मोठं माणूस घाबरलेलं मी पाहिलं' असं नेमकं काही दे. चार-चार मुलांचे गट कर. प्रत्येकाने दोन मिनिटं सांगायचं, एकाने टॅब धरायचा, उरलेल्यांनी ऐकायचं. फोन वापरणार असशील तर आधी विमान मोडवर टाक, नाहीतर ऐन गोष्टीत कुणाचा तरी कॉल येतो. एक गट वर्गात, एक व्हरांड्यात, एक झाडाखाली असे बसव, म्हणजे आवाज एकमेकांत मिसळणार नाहीत. आणि बोलीला अजिबात हात लावू नकोस. तुझी शाळा जत तालुक्याच्या पूर्व भागात आहे, तिथल्या कितीतरी घरांत कानडी बोलतात. ज्याला कानडीत सांगायचं आहे त्याला कानडीत सांगू दे. गटातलं दुसरं कुणी ते मराठीत परत सांगेल आणि त्या भाषांतरातही दोघं शिकतील. मराठीची भीती पहिल्याच पायरीवर उभी राहिली तर ते मूल पुढच्या तीनही तासिका गप्प बसेल.

इथे तुला वाटेल की सरळ बोलून टंकलेखन करावं, म्हणजे लेखन आयतं होईल. पहिल्या तासिकेला ते टाळ. यंत्राला प्रमाण मराठी बरीच कळते, पण 'हिरीतनं' आणि 'हुडकाया' ऐकून ते भलताच शब्द छापतं. आपलं बोलणं चुकीचं आहे असा मुलाचा समज होतो. ही सोय चौथ्या तासिकेला एका वेगळ्या कामासाठी वापर, ते पुढे सांगते.

दुसरी तासिका ऐकण्याची आणि क्रम लावण्याची. प्रत्येकाने आपलं मुद्रण ऐकायचं आणि वहीत फक्त पाच-सहा प्रसंगांची नावं लिहायची, उदाहरणार्थ त्या शेळीच्या गोष्टीची : शेरडं मोजली, शोधलं, आवाज आला, आजी अडवते, आजोबा उतरले. मग एका मुलाचे असे प्रसंग तू टीव्हीवर घे, एका स्लाइडवर एक ओळ. आता स्लाइड पुढेमागे सरकव आणि वर्गाला विचार, गोष्ट विहिरीतल्या आवाजापासून सुरू केली तर काय होईल? आजोबांचं पिलाबद्दलचं वाक्य आधीच सांगून टाकलं तर काय बिघडेल? मुलांच्या डोळ्यांसमोर तीच गोष्ट तीन वेगळ्या गोष्टी होतात. फळ्यावर हे करायला पुसापुशी फार होते, पडद्यावर एका बोटाने होतं. तंत्रज्ञान इथे खरोखर कामाला येतं. 'घटनाक्रम म्हणजे घटनांची मांडणी' ही व्याख्या त्यानंतर सांगितलीस तर ती कळलेली असेल.

वाचायला नमुने हवे असतील तर 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत आहेत. त्यातली चित्रं घेऊन स्वतःची गोष्ट रचण्याची मुभाही आहे. 'बालभारती'च्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही ऑनलाइन बघता येतात. नमुना एकच घे, छोटा घे आणि मुलांनी आपली गोष्ट सांगून झाल्यावर वाच. आधी वाचलास तर वर्गभर त्याच नमुन्याच्या नकला तयार होतात.

तिसरी तासिका लेखनाची. या दिवशी सगळी यंत्रं कपाटात. पूर्ण तासिका वही आणि पेन्सिल. टाचणात हे ठळक लिही, पाहुणे आले तरी बदलू नकोस. टॅबवर टाइप करताना सातवीच्या मुलाचं निम्मं लक्ष जोडाक्षर शोधण्यात जातं. शिवाय कळफलक पुढचा शब्द सुचवतो आणि मूल तो दाबून मोकळं होतं. त्यातून पुन्हा 'एका गावात एक' हेच येतं. तू त्या वेळी वर्गात फिर, अडलेल्या मुलाजवळ बस आणि एवढंच विचार, "तू सांगताना पुढे काय म्हणाला होतास?" निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत हा नियम मुलांना दे. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५च्या 'बनगरवाडी'त हेच केलं आहे. सांगणारा मास्तर प्रमाण भाषेत सांगतो, वाडीतली माणसं आपल्या माणदेशी बोलीत बोलतात. तूही नव्याने वाडीवर गेलेला मास्तर आहेस. ते पुस्तक पुन्हा वाच.

चौथी तासिका दुरुस्तीची. दोन मुलांना विचारून त्यांच्या वहीचं एकेक पान फोटो काढून टीव्हीवर घे, नाव झाकून. वर्गाने तीनच प्रश्न विचारायचे. कुठे घडतंय ते दिसतं का? माणसं बोलताना ऐकू येतात का? काय बदललं ते कळतं का? ऱ्हस्व-दीर्घ या दिवशी सर्वांत शेवटी. लाल पेनाने पहिल्यांदा वेलांटी दाखवलीस तर मूल वेलांटीच दुरुस्त करतं, प्रसंग तसाच अर्धा राहतो. आता ते बोलून टंकलेखन. सुधारलेला एक परिच्छेद मुलाला फोनपुढे वाचायला लाव. पडद्यावर जो मजकूर उमटेल त्यात विरामचिन्हं बहुधा नसतील. तो सलग मजकूर वर्गापुढे ठेव आणि पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं मुलांना घालायला सांग. आजी कुठे बोलायची थांबली आणि आजोबा कुठे सुरू झाले हे ठरवताना विरामचिन्हांचं काम त्यांना जितकं कळेल तितकं व्याकरणाच्या तक्त्याने कळत नाही. पहिला मसुदा मात्र टाकू नकोस. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले की मुलाला स्वतःची प्रगती दिसते आणि तुझ्या आकारिक मूल्यमापनाची नोंदही खरी होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तू विचारलंस. मुलांना तिच्याकडून पहिला मसुदा घेऊ देऊ नकोस. गोष्ट कुठून सुरू करायची, काय गाळायचं, हा विचार मूल पहिल्या मसुद्यातच करतं. तो आयता मिळाला तर पाठच उरत नाही. एक प्रयोग मात्र जरूर कर. मुलांचं लिहून झाल्यावर तू स्वतः, स्वतःच्या खात्यावरून, यंत्राकडे वर्गातल्याच एखाद्या गोष्टीच्या विषयावर, समजा 'शेळी विहिरीत पडली' यावर, गोष्ट माग आणि टीव्हीवर दाखव. मग विचार, आपल्या मुलाला ठाऊक होतं असं यात काय नाही? मुलं पटापट सांगतील : आजी नाही, धोतर खोचणं नाही, पिलू नाही. पाहिलेला तपशील लेखनाला किती वजन देतो हे त्यांना तिथे कळेल आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास वाढेल.

दोन गोष्टींची काळजी घे. मुलांचे आवाज आणि फोटो ही त्यांची खासगी गोष्ट आहे. घरातले प्रसंग सांगताना भांडणं, कर्ज, आजारपणही बाहेर येतं. पालकांची लेखी संमती घे, मुद्रणांना नावाऐवजी गट क्रमांक दे, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर काही टाकू नकोस आणि काम झालं की पुसून टाक. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी मास्तराने हे पाळलंच पाहिजे. दुसरं, वीज. दुसऱ्या तासिकेच्या प्रसंगांच्या कागदी चिठ्ठ्या तयार ठेव, टॅब आदल्या दिवशी चार्ज कर, लागणाऱ्या गोष्टी उतरवून घे. रेंजवर अवलंबून पाठ बेतू नकोस.

शेवटी या गोष्टींना वाचक हवेत. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. तू वर्गाचं हस्तलिखित काढ. ज्यांची आणि ज्यांच्या पालकांची तयारी असेल त्यांनी आपली पूर्ण झालेली गोष्ट स्वतःच्या आवाजात वाचावी, ते मुद्रण शाळेच्या खात्यावर ठेवून पानावर क्यूआर कोड चिकटव. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा वापर पाठ्यपुस्तकांसाठी केला आणि २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. तंत्र तेच, खर्च जवळजवळ नाही. पालकसभेत ज्या आईला वाचता येत नाही तिलाही मग आपल्या लेकीची गोष्ट ऐकता येईल. रोज परिपाठाला एक गोष्ट वाचली गेली तर महिनाभरात वर्ग पुरा होतो.

पुढे दहावीच्या उपयोजित लेखनात कथालेखन येतं आणि मुलं 'मुद्दे, शीर्षक, तात्पर्य' हा साचा पाठ करतात. साचा दोन दिवसांत शिकवता येतो. पाहिलेलं सांगणं आणि सांगितलेलं लिहिणं याला वर्षं लागतात आणि ती वर्षं आत्ता तुझ्या हातात आहेत.

म्हणून टाचण नव्याने काढ. 'शैक्षणिक साधने' हा रकाना सर्वांत शेवटी भर. आधी प्रत्येक तासिकेपुढे लिही की मूल काय करेल : सांगेल, ऐकेल, लिहील, सुधारेल. त्यातल्या कोणत्या कामात यंत्राने मुलाचा हात हलका होतो ते बघ आणि तिथेच ते आण. नवं टाचण मला पाठव, आणि त्याबरोबर मुलांच्या गोष्टीही, अर्थात नावं वगळून. त्या वाचायची मला जास्त उत्सुकता आहे.

तब्येतीला जप, जेवणाची आबाळ करू नकोस. कळावे.

तुझी,
मावशी